केबल तुटेल त्या दिवसासाठी

फेब्रुवारी २०१९. अंदमानातल्या स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, आम्ही एका बंगाली कुटुंबाकडे उतरलो होतो. रात्री अडीचच्या सुमाराला शेजारच्या खोलीत गजर वाजला. मी पाणी प्यायला उठले, तर घरातली बारावीतली मुलगी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून, फोन उंच धरून उभी होती. प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा होता. नाव, पत्ता, शाळा सगळं भरून झालं होतं, अडलं होतं ते फोटोपाशी. बोटभर फोटो, पन्नास केबीसुद्धा नसेल. निळी पट्टी अर्ध्यावर यायची, थांबायची, आणि पान परत पहिल्यापासून उघडायचं. "रात को सब सोते हैं ना आंटी, तब थोड़ा चलता है," ती म्हणाली. चार वाजता तिने नाद सोडला. सकाळच्या बोटीने तिचे वडील पेनड्राइव्हवर फोटो आणि सही घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले. अडीच तास जायला, अडीच यायला, आणि त्या दिवशीचं दुकान बंद.

तेव्हा अंदमान-निकोबारचं सगळं इंटरनेट उपग्रहावरून यायचं. विषुववृत्ताच्या वर ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत संदेश जाणार, तिथून खाली येणार, उत्तर पुन्हा त्याच वाटेने. एका प्रश्नोत्तरात अर्धा सेकंद जायचा. आणि त्या वाटेवर जागा तरी किती, तर सगळ्या बेटांना मिळून जेमतेम काही गिगाबिट. पुण्यातल्या एका सोसायटीच्या चाळीस-पन्नास घरांच्या जोडण्यांची कागदावरची बेरीज तेवढी भरते. इथे तेवढ्यात पावणेचार लाखांहून जास्त माणसं, दवाखाने, बँका, शाळा, पोलीस आणि वर पर्यटक.

आज ती मुलगी असा अर्ज दुपारी जेवता जेवता भरेल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१४ साली समुद्राखालून केबल टाकण्याची शिफारस केली. ३० डिसेंबर २०१८ ला कोनशिला बसली आणि १० ऑगस्ट २०२० ला चेन्नई ते पोर्ट ब्लेअर केबल सुरू झाली. लांबी सुमारे २,३०० किलोमीटर, खर्च सुमारे १,२२४ कोटी रुपये. पोर्ट ब्लेअरखेरीज स्वराज द्वीप, लाँग आयलंड, मिडल अंदमानातलं रंगत, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबार तिला जोडलेले आहेत. ३ जानेवारी २०२४ ला लक्षद्वीपलाही कोचीहून अशीच केबल मिळाली: अकरा बेटं, १,८६८ किलोमीटर, १,०७२ कोटी. पोर्ट ब्लेअरला आता श्री विजयपुरम म्हणतात. मी या लेखात जुनंच नाव ठेवते, कारण यातल्या बहुतेक गोष्टी त्या नावाने घडल्या.

या कामाचं मला मनापासून कौतुक आहे. ज्याने रात्री अडीचला ती निळी पट्टी पाहिली आहे त्याला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पण बेटांसाठी आखणी करताना आपण ज्या दिवसाकडे डोळे लावून बसतो तो उद्घाटनाचा दिवस असतो. वेग किती, क्षमता किती, बेटं किती. माझं म्हणणं असं की सुरुवात उलट टोकाकडून व्हावी. केबल तुटली आहे, हवा खराब आहे, बोट तीन दिवस येणार नाही. त्या दिवशी कोण कोणाशी बोलू शकेल? हे आधी कागदावर उतरवावं, वेगाचं नंतर बघता येतं.

आणि तो दिवस येतो. जगात समुद्राखालच्या केबलींना दर वर्षी दीडशे-दोनशे ठिकाणी इजा होते. त्यातली बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी. आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर देशाला जगाशी जोडणाऱ्या कितीतरी केबली उतरतात. तिथल्या कोळ्यांना विचारा, पाण्याखाली जाळं आणि नांगर कुठे अडकतात ते. मुंबईत मात्र एक केबल गेली तर वाहतूक दुसरीवरून वळते, आपल्याला पत्ताही लागत नाही. अंदमानकडे येणारी मुख्य केबल एकच आहे. तिच्या आत फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या धाग्यांच्या, किती जोड्या आहेत याने फरक पडत नाही, नांगर सगळ्या एकदमच ओढतो.

अंदमानच्या बाबतीत नांगरापेक्षाही मोठी धास्ती जमिनीची आहे. ही बेटं एक भूपट्ट जिथे दुसऱ्याखाली सरकतो त्या रेषेवर उभी आहेत. पोर्ट ब्लेअरपासून दीडशे किलोमीटरच्या आत बॅरन बेटावर जिवंत ज्वालामुखी आहे. भूकंप झाला की समुद्रतळावरचे उतार घसरतात आणि त्या गाळाच्या लोंढ्यात केबली तुटतात. २६ डिसेंबर २००६ ला तैवानच्या दक्षिणेला भूकंप झाला तेव्हा एकामागून एक केबली गेल्या. अकरा जहाजं कामाला लागली आणि तरीही दुरुस्ती पुरी व्हायला ४९ दिवस गेले. बेटाला संपर्काची सगळ्यात जास्त गरज ज्या दिवशी असते, नेमक्या त्याच दिवशी केबल जाण्याची शक्यताही सगळ्यात जास्त असते. आखणी करणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

टोंगाने हे भोगलं आहे. पॅसिफिकमधलं लाखभर वस्तीचं हे राज्य फिजीपर्यंतच्या ८२७ किलोमीटरच्या एकाच केबलवर होतं. २०१९ च्या जानेवारीत ती तुटली आणि जवळजवळ दोन आठवडे लोक हातावर हात ठेवून बसले. तीन वर्षांनी, १५ जानेवारी २०२२ ला, समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि केबल पुन्हा गेली. घरची माणसं जिवंत आहेत की नाहीत हे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या टोंगन लोकांना कळायला कित्येक दिवस लागले. दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीहून आलं. परदेशाशी जोडणारी केबल पाच आठवड्यांनी लागली. टोंगाच्या बेटांना आपसात जोडणारी केबल पूर्ववत व्हायला मात्र जवळपास दीड वर्ष गेलं. राजधानीला पाच आठवडे आणि बाहेरच्या बेटांना दीड वर्ष, हा फरक मला फार बोलका वाटतो. मुख्य बेट जोडलं की काम झालं असं मानणाऱ्या प्रत्येक आराखड्यात तो दडलेला असतो.

मात्सू बेटांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचावी. तैवानच्या ताब्यातली ही छोटी बेटं, वस्ती चौदा हजारांच्या आसपास. त्यांच्याकडे केबली दोन होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये २ तारखेला एक गेली, ८ तारखेला दुसरी. पन्नास दिवस त्यांनी काढले, पण टोंगासारखी मिट्ट शांतता तिथे पसरली नाही. कारण तैपेच्या उत्तरेच्या डोंगरावरून बेटांकडे रोखलेला मायक्रोवेव्हचा, म्हणजे हवेतून रेडिओलहरींनी संदेश नेणारा, जुना दुवा कोणीतरी चालू ठेवला होता. तो मंद होता, एक संदेश जायला वेळ लागायचा, पण तो होता. पुढे त्याची क्षमता वाढवण्यात आली. ज्याने तो दुवा "आता केबल आली, हा कशाला" म्हणून भंगारात काढला नाही, त्याने त्या बेटांवर मोठे उपकार केले.

अंदमानात हा प्रश्न आज समोर आहे. केबल आल्यावर उपग्रहाचा खर्च नकोसा वाटू लागतो, आणि हिशोब बघणाऱ्याला तो वाटणं साहजिक आहे. पण उपग्रहाची जुनी केंद्रं राखली पाहिजेत, आणि ती कुलूपबंद ठेवून उपयोग नाही. खाऱ्या हवेत यंत्र सहा महिने बंद राहिलं की त्याचे जोड गंजतात. रोजच्या वाहतुकीतला थोडा भाग मुद्दाम त्यांच्यावरून न्यावा, म्हणजे ती जिवंत राहतील आणि चालवणाऱ्यांचा हातही राहील.

आता २६ डिसेंबर २००४. सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांत कार निकोबारवर पाणी चढलं. हवाई दलाच्या तळाची वाताहत झाली. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंटजवळची जमीन चार मीटरहून जास्त खचली, दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. तीच लाट तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचली ती सुमारे दोन तासांहून जास्त वेळाने. या दोन तासांचा विचार मी पुष्कळदा करते. कार निकोबारवरून एक धड निरोप, योग्य माणसापर्यंत, आणि तिथून किनाऱ्यावरच्या गावांपर्यंत गेला असता तर नागपट्टिणमच्या वाळूवरची मुलं घरी पळाली असती. बेटांवरच्या दळणवळणाचा खर्च हा बेटांवर केलेला उपकार समजणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की मुख्य भूमीच्या आधी समुद्र त्यांना दिसतो.

त्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्ये टेलिफोन गेले, वीज गेली. योगायोगाने भारती प्रसाद या हॅम रेडिओ चालवणाऱ्या बाई हैदराबादच्या आपल्या गटाबरोबर तिथे होत्या. अंदमानातून हौशी रेडिओ चालवायला कित्येक वर्षांनी परवानगी मिळाली होती. व्हीयूफोरआरबीआय या खुणेने त्या जगभरच्या हौशी मंडळींशी बोलत होत्या. भूकंपानंतर त्यांनी तोच रेडिओ मदतीच्या कामाला लावला, आणि पुढचे कित्येक दिवस हरवलेल्या माणसांची नावं, निरोप, मदतीच्या मागण्या त्या रेडिओवरून गेल्या. एक बॅटरी, एक तार, आणि यंत्र चालवायला शिकलेलं माणूस. एवढ्यावर काम भागलं. त्या बाई तेव्हा तिथे होत्या हे आपलं नशीब. पण परवाना महिनाभर उशिरा मिळाला असता तर? प्रत्येक वस्तीच्या बेटावर शाळेत किंवा पंचायतीत एक दूरवर बोलू शकणारा हाय फ्रिक्वेन्सी रेडिओ, आणि तो चालवणारी परवानाधारक दोन-तीन माणसं, ही गोष्ट केबलच्या एका किलोमीटरच्या पैशातही बसेल असं मला वाटतं.

दुरुस्तीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आराखड्यात त्याला एक ओळ मिळते आणि खरा वेळ तिथेच जातो. आधी किनाऱ्यावरून फायबरमध्ये प्रकाश सोडून तो कुठून परततो ते मोजतात, म्हणजे तुटलेली जागा कळते. मग जहाज तिथे जातं, आकडा खाली सोडतं आणि तळावरून केबल ओढून काढतं. बंगालच्या उपसागरात ही खोली कित्येक ठिकाणी तीन किलोमीटर आहे. एक टोक वर आणून तपासायचं, तरंगत्या बोयाला बांधून ठेवायचं, दुसरं शोधायचं. मग डेकवरच्या बंद खोलीत केसाएवढ्या काचेचे धागे एकेक करून वितळवून जोडायचे, जोडावर कवच चढवायचं, आणि हवा चांगली असेतोवर परत खाली सोडायचं. हे काम करणारं भारताच्या ध्वजाखालचं जहाज आपल्याकडे नाही. परदेशी जहाज बोलवायचं, त्याच्या परवानग्या काढायच्या, सीमाशुल्क बघायचं. आपलं जहाज हवं, असं ट्रायने जून २०२३ मध्ये केंद्राला लिहून दिलं आहे. माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढची आहे. ते जहाज पोर्ट ब्लेअरला नांगरावं. सुटी केबल, वाटेत मंदावणारा प्रकाश पुन्हा जोरदार करणारे सुटे रिपीटर तिथल्या गोदामात असावेत आणि खलाशांबरोबर बेटांवरची पोरं शिकावीत. पावसाळ्यात हवेची उघडीप दोन दिवसांची मिळाली तर जहाज तिथे असणारा माणूसच ती साधू शकतो.

केबल किनाऱ्याला लागली म्हणजे निरोप घरात पोचला असं होत नाही. केबल किनाऱ्यावर जिथे येते त्या लँडिंग स्टेशनपासून पुढे टॉवर असतात, आणि टॉवरला वीज लागते. बेटांवरची वीज बहुतांशी डिझेलवर चालते. डिझेल येतं जहाजाने. जहाज अडकलं की आधी पंखे बंद होतात, मग बॅटरी संपते, मग रेंज जाते. म्हणजे २,३०० किलोमीटरची केबल धडधाकट असतानाही शेवटच्या दोन किलोमीटरवर माणूस मुका होतो. सौर पत्रे, मोठ्या बॅटऱ्या, त्यांच्या पाण्याची आणि गंजाची देखभाल, हा खर्च दळणवळणाच्या आराखड्यातच धरला पाहिजे. वीज खात्याचं ते वीज खातं बघेल, असं म्हणून बेटावर भागत नाही. संकटाच्या वेळी एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरू द्यायची सोय देशात आहे. पण जिथे मुळात टॉवर एकाचाच आहे तिथे ती काय करणार?

आणि ज्या बेटांना केबल शिवलेलीच नाही त्यांचं काय? निकोबारातली चौरा, तेरेसा, कच्छल. कामोर्टापर्यंत प्रकाशाच्या वेगाने आलेला निरोप तिथून पुढे कसा जातो, हे नकाशावरच्या जाड रेघेत दिसत नाही. निकोबारच्या बेटाबेटांच्या भाषाही वेगळ्या आहेत. कार निकोबारची वेगळी, चौराची वेगळी. हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्राने २००७ पासून फार चांगली व्यवस्था उभी केली आहे. पण तिथून निघालेला इशारा शेवटी एका आजीच्या कानात तिच्या भाषेत पडला पाहिजे. २००४ मध्ये लिटल अंदमानवरचे ओंगे आदिवासी कोणत्याही यंत्राशिवाय उंचावर गेले आणि वाचले. त्यांच्याजवळ निरोप पिढ्यांपासून होता. आखणी करणाऱ्यांनी टॉवरची जागा ठरवायला सर्वेक्षणाच्या नकाशाबरोबर निकोबारींच्या आदिवासी परिषदेलाही बोलवावं. पाणी कुठवर चढलं, वाट कुठे बुडाली, हे त्यांना ठाऊक आहे. उत्तर सेंटिनेल बेटाचा मात्र या कोणत्याही आराखड्याशी संबंध नाही. तिथल्या ज्या आदिवासींनी बाहेरच्या जगाशी संपर्क नको म्हटलं आहे त्यांना नको.

खर्चाचा आक्षेप मी खूपदा ऐकते. अंदमानच्या १,२२४ कोटींना २०११ च्या लोकसंख्येने भागलं तर माणशी सुमारे ३२,००० रुपये येतात. लक्षद्वीपचा भागाकार आणखी धक्का देतो: चौसष्ट हजार वस्ती, माणशी एक लाख ६६ हजार. त्यावर दुसरी केबल, जहाज, रेडिओ, बॅटऱ्या मागायच्या? माझं उत्तर हो असंच आहे. लक्षद्वीपातल्या मिनिकॉयचं दीपगृह १८८५ मध्ये उभं राहिलं तेव्हा बेटावरच्या डोक्यांनी कोणी खर्च भागला नव्हता. त्याचा उजेड बेटासाठी होता तसाच तिथून जाणाऱ्या प्रत्येक जहाजासाठी होता. शिवाय बेटांचं तुटलेपण सगळंच निसर्गाने दिलेलं नाही. इंग्रजांनी अंदमान निवडलं ते तुटलेपणासाठीच. सेल्युलर जेलमधल्या राजबंद्यांना वर्षाकाठी एक पत्र घरी धाडता येई, आणि नाशिक-पुण्याकडच्या घरांत त्या एका पत्रावर वर्ष काढलं जाई. बातमी न पोचणं हा त्या शिक्षेचाच भाग होता. दर वर्षी हजारो मराठी माणसं त्या कोठड्या बघून डोळे पुसून परत येतात. त्याच गावात आज राहणाऱ्यांना भक्कम संपर्क देण्याचा खर्च आपल्याला जड वाटू नये.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता खालच्या कक्षेतले उपग्रह आले, छपरावर अँटेनाचं ताट लावलं की झालं, केबलींवर पैसा कशाला? हे उपग्रह खरोखर कामाचे आहेत. चौरासारख्या ठिकाणी तर ते आधी पोचावेत. पण पोर्ट ब्लेअरचं इस्पितळ, बँका आणि तीन-चार लाख माणसांचा रोजचा भार त्यांच्यावर टाकायचा म्हणजे परदेशी कंपनीच्या दरांवर आणि मर्जीवर आपला सीमेवरचा प्रदेश ठेवायचा. ताटालाही वीज लागतेच. मला दोन्ही हवेत, आणि शिवाय तो बॅटरीवरचा रेडिओ.

आखणीत एक गोष्ट मी आग्रहाने घालीन. दर वर्षी २६ डिसेंबरला, सकाळी साडेसहा ते साडेबारा, केबल बंद आहे असं धरून सगळी बेटं चालवावीत. रुग्णालयाची जोडणी तेवढी वगळून बाकी सगळं उपग्रहावर आणि रेडिओवर घ्यावं. ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बेच्या शाळेने कार निकोबारला निरोप द्यावा, कार निकोबारने पोर्ट ब्लेअरला, पोर्ट ब्लेअरने नागपट्टिणमला, आणि प्रत्येक निरोपाची वेळ वहीत लिहावी. पहिल्या वर्षी बरंच काही बंद पडेल. कुठल्या बेटाची बॅटरी मेलेली निघाली, कुठला माणूस बदली होऊन गेला होता आणि रेडिओच्या खोलीची किल्ली कोणाकडे होती, हे सगळं नावानिशी पंचायतीच्या फळ्यावर लावावं, आणि पुढचा २६ डिसेंबर यायच्या आत दुरुस्त करावं.